पेशीचा अंतर्गत कारभार : एक प्रस्तावना

शालान्त परीक्षेच्या वाटेने गेलेल्या बहुतेक मराठी वाचकांनी प्राणिपेशीची आकृती एकदा तरी काढलेली असते. एक लंबगोल रेषा, मध्यभागी केंद्रक, त्याच्या एका अंगास तंतुकणिका, दुसऱ्या अंगास गॉल्गी संकुल, आणि समासात ओळीने लिहिलेली नावे : एवढ्या भांडवलावर चार-पाच गुण पदरात पडत आणि विषय तेथेच मिटे. त्या आकृतीत खोटे असे काही नव्हते. परंतु तीत हालचाल नव्हती, कालमान नव्हते, आणि ही नावे ज्या वस्तूंना दिली गेली त्या वस्तू पेशीत खरोखर असतात हे कोणी, केव्हा व कोणत्या पुराव्याच्या बळावर ठरविले याचा मागमूसही नव्हता. एखाद्या जुन्या वाड्याचा मोजणीदाराने काढलेला नकाशा पाहावा आणि त्या घराण्याचा इतिहास आपणांस अवगत झाला असे मानून स्वस्थ बसावे, तशी पेशीच्या बाबतीत आपली गत झाली. प्रस्तुत ग्रंथ त्या समाधानाला धक्का देण्यासाठी लिहिला गेला आहे, आणि त्याचा विषयप्रवेश लिहिण्याचे काम ग्रंथकर्त्यांनी माझ्याकडे सोपविले, ते मी आनंदाने पत्करले आहे.

पेशीअंगक म्हणजे काय, हे सांगताना पाठ्यपुस्तके प्रायः कामांची यादी देतात : अमुक अंगक ऊर्जा निर्माण करते, तमुक अंगक पचन करते. माझ्या मते आरंभ त्याच्याही अगोदरच्या प्रश्नापासून करावयास हवा, आणि तो प्रश्न असा की, पेशीला आपल्या पोटात विभाग पाडण्याची गरजच का भासावी? सामान्य प्राणिपेशीचा व्यास दहा ते तीस मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक ते तीन शतांश. एवढ्याशा जागेत एकाच वेळी प्रथिने जोडली जात असतात आणि तोडलीही जात असतात, मेदाम्ले रचली जात असतात आणि जाळलीही जात असतात. परस्परांच्या उलट चालणाऱ्या या क्रिया एकाच पात्रात मिसळल्या असत्या, तर एकीने केलेले काम दुसरीने उधळून लावले असते. या आपत्तीवर पेशीने काढलेला तोडगा म्हणजे पटल : मेदरेणूंचा दुहेरी थर, जाडी अवघी पाच ते दहा नॅनोमीटर, आणि त्यात ठिकठिकाणी बसविलेली प्रथिने, जी कोणत्या पदार्थास आत घ्यावे व कोणास बाहेरच थोपवावे याचा निवाडा करतात. लयकारिकेच्या आतील पीएच मूल्य पाचाच्या आसपास असते, तर भोवतालच्या पेशीद्रव्यात ते सातच्या किंचित वर असते. म्हणजे पटलाच्या आतल्या बाजूस हायड्रोजन आयनांची दाटी बाहेरच्यापेक्षा शंभरपटीहून अधिक. लयकारिकेतील पाचक विकरे त्या आम्लातच काम करतात. सबब पटल कोठे फाटून ती थोडीफार बाहेर सांडली, तरी पेशीद्रव्यात त्यांचा जोर टिकत नाही. रचना आणि कार्य हे दोन निरनिराळे धडे करून शिकविण्याची आपली वहिवाट येथे उपयोगी पडत नाही. हद्द आखली की हद्दीच्या आत निराळा कायदा चालविता येतो, आणि तो निराळा कायदा चालविणे हेच अंगकाचे कार्य असते.

हे ज्ञान संपादन करणारे शास्त्रज्ञ स्थूलमानाने दोन पंथांचे होते. एक पंथ पाहणाऱ्यांचा आणि दुसरा फोडणाऱ्यांचा. पाहणाऱ्यांची परंपरा अर्थातच जुनी. १६६५ साली रॉयल सोसायटीचे प्रयोगाधिकारी रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या पातळ कापातील पोकळ्या पाहिल्या आणि एका घन इंचात त्या सव्वाशे कोटींच्या वर असाव्यात असा हिशेबही मांडला. मात्र बूच मृत असल्यामुळे त्यांच्या दृष्टीस पडल्या त्या रिकाम्या भिंतीच. पुढे १८३१ साली रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या पेशींतील केंद्रकाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, १८३८ व १८३९ साली श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती व प्राणी उभय सृष्टींना पेशीसिद्धान्ताच्या एका सूत्रात आणले, आणि १८५८ साली फिरखो यांनी पेशी ही पेशीपासूनच उत्पन्न होते या मताला रोगविज्ञानात कायमचे स्थान मिळवून दिले. ही हकीकत मराठीत अनेकवार सांगून झाली आहे. ती पुन्हा उगाळण्याचे येथे प्रयोजन नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने सुमारे दोनशे नॅनोमीटरांच्या आतील दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, ही मर्यादा एर्न्स्ट अब्बे यांनी १८७३ साली गणिताने दाखवून दिली होती. आणि अंगकांची अंतर्गत रचना तर बहुतांशी त्या मर्यादेच्या अलीकडची. मग पाहणाऱ्यांनी रंगांचा आश्रय घेतला. पेशी मारून, घट्ट करून, रंगवून पाहावयाची, आणि जे उमटेल त्यास नाव द्यावयाचे. यात संशयाला जागा राहणारच : उमटले ते पेशीत मूळचेच होते, की आपल्याच रसायनांनी ते तेथे निर्माण केले?

या संशयाचा सर्वांत लांबलेला दावा गॉल्गी संकुलावर चालला. १८९८ साली इटलीतील पाव्हिया येथे कामिल्लो गॉल्गी यांनी घुबडाच्या लहान मेंदूतील चेतापेशींवर चांदीच्या क्षाराची प्रक्रिया केली, तेव्हा केंद्रकाच्या आसपास काळ्या धाग्यांचे एक नाजूक जाळे प्रकट झाले. ती प्रक्रिया लहरी होती. एका नमुन्यात जाळे स्वच्छ उमटे, तर दुसऱ्यात त्याची खूणही मिळत नसे. साहजिकच जाळे पाहिलेले आणि न पाहिलेले असे दोन तट पडले, आणि पन्नास वर्षे ते एकमेकांवर कागद काळे करीत राहिले. १९४९ साली जॉर्ज पलाडे आणि आल्बेर क्लॉद या दोन मातब्बर संशोधकांनी तर असा निर्णय दिला की, हे जाळे म्हणजे पेशीतील मेदयुक्त पदार्थांवर रसायनांचा परिणाम होऊन तयार झालेली कृत्रिम आकृती आहे. पुढे पाच वर्षे गेली. १९५४ साली डाल्टन आणि फेलिक्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच जागी एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्यांची चळत आणि तिच्या कडांशी लहान लहान पुटिका दाखविल्या, तेव्हा तो दावा निकालात निघाला. विशेष हे की, त्यानंतर त्या संकुलाचे कार्य उलगडण्यात ज्यांनी सर्वाधिक वाटा उचलला ते याच पलाडे होत. आपल्या हातचा निर्णय फिरल्यावर त्याच विषयाची कास धरून तो तडीस नेणारी माणसे शास्त्रातही विरळाच.

आता फोडणाऱ्यांकडे वळू. पेशीतील विकरांचा अभ्यास करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना तिच्या आकृतीशी फारसे कर्तव्य नसे. यकृत घ्यावे, ते वाटावे, गाळावे आणि द्रवाची परीक्षा करावी, ही त्यांची रीत. या रीतीला शिस्त लावली ती न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत क्लॉद यांनी. हे गृहस्थ बेल्जमचे. माध्यमिक शाळेचे रीतसर शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नव्हते, आणि पहिल्या महायुद्धातील सेवेबद्दल मिळालेल्या सवलतीमुळेच लिएज विद्यापीठाची दारे त्यांना उघडली. कोंबड्यांना होणाऱ्या एका कर्करोगाचे कारण वेगळे काढण्यासाठी त्यांनी पेशी हलक्या हाताने फोडून तो काला अपकेंद्री यंत्रात निरनिराळ्या वेगांनी फिरविण्यास सुरुवात केली. जड केंद्रके प्रथम तळाशी बसत, मग तंतुकणिका, आणि वेग फार वाढविला की अतिसूक्ष्म कणांचा एक साका खाली येई. रोगाचे कारण म्हणून ज्या कणांचा त्यांना संशय आला, ते निरोगी पेशींच्या काल्यातही तसेच सापडले; शोध फसला खरा, पण पेशीचे घटक तोलून, मोजून, वेगवेगळ्या नळ्यांत ठेवण्याची विद्या हाती आली. १९४८ साली होजबूम, श्नायडर आणि पलाडे यांनी त्या काल्यात साध्या क्षारद्रवाऐवजी दाट साखरेचे पाणी वापरले, आणि तोवर फुगून विद्रूप होणाऱ्या तंतुकणिका आपल्या मूळच्या घाटात शाबूत राहू लागल्या. बदल केवढा लहान! परंतु त्याच्याच जोरावर श्वसनाची विकरे तंतुकणिकांतच असतात हे निर्विवादपणे दाखविता आले.

दोन्ही पंथ एकत्र आले की काय घडते, याचा अस्सल दाखला लयकारिकेच्या शोधात मिळतो. लूव्हेंच्या विद्यापीठात क्रिस्तियां द द्यूव्ह हे इन्सुलिनच्या कार्याचा मागोवा घेत असताना, केवळ तुलनेसाठी म्हणून, उंदराच्या यकृतातील आम्ल फॉस्फटेज या विकराचे मापन करीत होते. १९४९ च्या अखेरीस एका दिवशी हलक्या हाताने तयार केलेल्या काल्यात त्या विकराचे बळ अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश भरले. मोजणीत चूक झाली म्हणावी, तर तसे काही आढळेना. नळ्या शीतकपाटात ठेवून दिल्या. काही दिवसांनी तोच काला पुन्हा तपासला, तेव्हा बळ पूर्ण होते. सामान्य माणसाने पहिली नोंद खोडून दुसरी कायम केली असती. द द्यूव्ह यांनी मात्र असे अनुमान बांधले की, विकर आरंभापासूनच तेथे होते, परंतु एखाद्या बंद पिशवीत असल्यामुळे परीक्षाद्रव्य त्याच्यापर्यंत पोचत नव्हते, आणि थंडीत पडून राहिल्याने ती पिशवी फुटली. पिशवी कोणी पाहिलेली नव्हती; १९५५ साली तिला नाव दिले गेले तेही केवळ हिशेबाच्या आधारावर, आणि त्याच सुमारास अ‍ॅलेक्स नोव्हिकॉफ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तिचे पहिले चित्र घेतले. येथे कार्य अगोदर सापडले आणि रचना मागाहून. गॉल्गी संकुलाच्या बाबतीत घडले होते त्याच्या नेमके उलट. १९७४ साली क्लॉद, द द्यूव्ह आणि पलाडे या तिघांना एकत्र नोबेल पारितोषिक मिळाले, ते या दृष्टीने यथायोग्यच म्हटले पाहिजे.

पलाडे यांच्या कामाचा एक प्रयोग थोडा जवळून पाहण्याजोगा आहे. स्वादुपिंडाच्या पेशी पाचक प्रथिने तयार करून बाहेर सोडतात, हे ठाऊक होते. ती प्रथिने पेशीच्या आत कोणत्या मार्गाने जातात हे ठाऊक नव्हते. जेमिसन आणि पलाडे यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ कापांना किरणोत्सर्गी ल्यूसीन केवळ तीन मिनिटे दिले आणि लगेच साध्या ल्यूसीनच्या द्रवात हलविले. जेवढी प्रथिने त्या तीन मिनिटांत रचली गेली तेवढ्यांवरच जणू शिक्का बसला. मग ठराविक अंतराने काप मारून तो शिक्का कोठे पोचला हे छायाचित्रणाच्या काचेवर पाहिले. तीन मिनिटांच्या अखेरीस तो खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर होता. आणखी सातएक मिनिटांत गॉल्गी संकुलाच्या काठाशी आला. अर्ध्या तासानंतर घट्ट होत जाणाऱ्या रिक्तिकांत दिसू लागला. आणि दोन तासांच्या सुमारास पेशीच्या टोकाशी साठलेल्या, रवानगीसाठी सिद्ध असलेल्या कणिकांत जाऊन बसला. शाळेच्या आकृतीतील सुट्या सुट्या नावांना या प्रयोगाने क्रम दिला आणि वेळापत्रक दिले. रायबोसोमावर प्रथिन रचले जाते, जालिकेच्या आत त्याची घडी घातली जाते, संकुलात त्यावर शर्करेच्या साखळ्यांचे संस्करण होते, आणि तेथूनच त्याची पुढील ठिकाणी पाठवणी होते. हा सारा प्रवास बंद पुटिकांतून, पेशीद्रव्याला न शिवता घडतो.

प्रथिनाला आपला मुक्काम कसा कळतो, हा पुढचा प्रश्न. ग्युंटर ब्लोबेल यांनी सत्तरीच्या दशकात दाखविले की, प्रथिनाच्या साखळीच्या आरंभीच काही अमिनो आम्लांचा एक तुकडा त्याचा पत्ता म्हणून जोडलेला असतो, आणि काम झाल्यावर तो बहुधा कापून टाकला जातो. त्याच सुमारास रँडी शेकमन यांनी एक तिसराच मार्ग चोखाळला. ते ना पाहणाऱ्यांपैकी, ना फोडणाऱ्यांपैकी. यीस्टच्या साध्या पेशींत जनुकीय बिघाड घडवून वाहतूक नेमकी कोणत्या नाक्यावर तुंबते हे त्यांनी शोधले. एकेक नाका एकेका जनुकाच्या स्वाधीन होता. ही यादी पुढे माणसाच्या पेशींनाही लागू पडली, कारण यीस्ट आणि मनुष्य यांच्या या कारभाराचे दप्तर मूलतः एकच आहे.

तंतुकणिकेचा इतिहास याहून नाट्यपूर्ण, आणि त्यात एक मराठी नावही येते. तंतुकणिकेच्या आतल्या पटलालगत राहून इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारे सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाच्या कामी येते, हे केंब्रिज येथे बटाट्यावर काम करताना दाखविले ते कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी यांनी. १९३९ साली त्यांना तेथे डॉक्टरेट मिळाली. त्याच्या सहा वर्षे अगोदर, स्त्री म्हणून, बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मिळविण्यासाठी त्यांना सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याशी झगडावे लागले होते. दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. एकाच घरातील दोन बहिणींपैकी एकीने लोकसाहित्याचा आणि दुसरीने जीवरसायनाचा ध्यास घ्यावा, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे, पण पहिलीइतकी दुसरी आपल्या स्मरणात राहिली नाही हेही खरे.

इलेक्ट्रॉनांची ही ने-आण आणि एटीपी या ऊर्जावाहक रेणूची निर्मिती यांच्यातील दुवा मात्र पुष्कळ काळ सापडेना. सर्वांनी मधल्या एखाद्या रासायनिक पदार्थाचा शोध चालविला होता. १९६१ साली पीटर मिचेल यांनी असे मत मांडले की, असा पदार्थच नाही. इलेक्ट्रॉन वाहत असताना हायड्रोजन आयन पटलाच्या एका बाजूस उपसले जातात, आणि ते परत येऊ पाहतात त्या ओढीवरच एटीपी तयार होते. हे मत मान्य होण्यास दशकाहून अधिक काळ लागला. मध्यंतरी मिचेल यांनी कॉर्नवॉलमधील एका जुन्या हवेलीची डागडुजी करून तेथे स्वतःची प्रयोगशाळा थाटली. १९६६ साली जॅगेंडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाच्या हरितलवकांतील पटले प्रथम आम्लद्रवात भिजवून मग अंधारातच एकाएकी अल्कद्रवात टाकली, आणि प्रकाशाचा एक किरणही न पडता एटीपी तयार झाले. यापेक्षा सरळ पुरावा कल्पिणे कठीण. तंतुकणिकेच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंत सुमारे दीडशे मिलिव्होल्टचे अंतर असते. आकडा क्षुल्लक भासतो, परंतु पटलाची जाडी लक्षात घेतली तर ते मीटरमागे कोट्यवधी व्होल्ट भरते. त्या पटलाला इतक्या घड्या का पडलेल्या असतात याचेही उत्तर येथेच मिळते : जेवढे पटल अधिक तेवढे उत्पादन अधिक.

हे अंगक आले कोठून? १८९० साली लाइपझिगच्या रिचर्ड आल्टमान यांनी पेशीतील हे कण म्हणजे स्वतंत्र सजीवच होत असे म्हटले, तेव्हा त्यांचे हसे झाले. १९०५ साली मेरेश्कोव्हस्की यांनी हरितलवकांविषयी तसाच तर्क केला. १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी पुरावा एकत्र करून, तंतुकणिका व लवके ही एके काळी स्वतंत्र असलेल्या जीवाणूंची वंशज आहेत असा सिद्धान्त मांडला. तो मांडणारा लेख सुमारे पंधरा नियतकालिकांनी साभार परत केला होता. पण तोवर या दोन्ही अंगकांत त्यांचे स्वतःचे डीएनए सापडले होते, आणि पुढे त्याचे वाचन झाल्यावर शंकेस जागा उरली नाही. मनुष्याच्या तंतुकणिकेतील डीएनएत १६,५६९ अक्षरे आणि अवघी ३७ जनुके आहेत. तिला लागणारी हजाराहून अधिक प्रथिने केंद्रकातील जनुकांच्या हुकुमाने बाहेर बनतात आणि आत पाठविली जातात. वतन बहुतेक खालसा झाले, सनदेतील चार कलमे मात्र तिच्यापाशी राहिली. मार्ग्युलिस यांनी हाच न्याय पेशीच्या कशाभिकांनाही लावू पाहिला, तो टिकला नाही. सिद्धान्तकाराचे एक मत खरे ठरले म्हणून सर्वच मते खरी मानण्याचे कारण नाही. उलट दिशेचे उदाहरणही ग्रंथात आले आहे ते चांगले झाले : २०१६ साली तंतुकणिका पूर्णपणे गमावलेला एक दृश्यकेंद्रकी सूक्ष्मजीव सापडला. आणि २०२४ साली, समुद्रातील एका सूक्ष्म शैवालात राहणारा नत्र-स्थिरीकरण करणारा जीवाणू आता पाहुणा राहिलेला नसून अंगकच झाला आहे, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अंगके घडण्याची प्रक्रिया पृथ्वीच्या बाल्यावस्थेतच संपली, ही समजूत त्यामुळे सोडावी लागते.

अंगक कशास म्हणावे, हा प्रश्नही अलीकडे पुन्हा उपस्थित झाला आहे. हद्द म्हणजे पटल, असे मी वर लिहिले, त्यास पुरवणी जोडणे प्राप्त आहे. केंद्रकाच्या आतील केंद्रकीला पटल नसते हे जुनेच ज्ञान. परंतु २००९ साली ड्रेस्डेन येथे ब्रँग्विन, हायमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोलकृमीच्या भ्रूणातील काही कणिका द्रवाच्या थेंबांप्रमाणे ओघळतात आणि परस्परांत मिसळून एक होतात हे दाखविले, तेव्हापासून पटलावाचूनही हद्द आखता येते ही कल्पना मध्यवर्ती बनली. या नव्या पंथाचा उत्साह दांडगा आहे. काही अभ्यासक पेशीतील प्रत्येक ठिपक्यास थेंब म्हणू लागले आहेत, तेथे मात्र गॉल्गी संकुलाचा दावा आठवून जरा धीराने घ्यावे असे मला वाटते. दुसरीकडे, अंगके पेशीत तरंगत नसून सूक्ष्मनलिकांच्या मार्गांवरून त्यांना ओढून नेणारी प्रथिने असतात, या विषयात आपल्या मुंबईतही मोलाचे काम झाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशकिरणांच्या चिमट्यात पेशीतील पुटिका धरून, डायनीन हे एकेकटे दुबळे असलेले प्रथिन समूहाने जोर लावते तेव्हा कसे भारी पडते, हे २०१३ साली मापून दाखविले.

आज हा विषय का वाचावा? वैद्यकाचा एक मोठा प्रांत या अंगकांच्या हद्दीत येऊ लागला आहे, हे त्याचे सर्वांत रोकडे कारण. १९३२ साली हॉलंडमधील पोम्पे नावाच्या रोगनिदानतज्ज्ञाने हृदय अवाढव्य वाढून दगावलेल्या एका अर्भकाच्या स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा पाहिला. पोम्पे स्वतः १९४५ साली नाझींच्या गोळ्यांना बळी पडले; त्या साठ्याचे कारण १९६३ साली लूव्हेंच्याच हेर्स यांना सापडले, आणि ते होते लयकारिकेतील एकाच विकराचा अभाव. गेल्या दोन दशकांत ते विकर शिरेतून देण्याचा उपचार उपलब्ध झाला आहे. तंतुकणिका केवळ आईकडून मिळतात. म्हणून त्यांतील दोषही मातृवंशाने उतरतात, आणि २०१५ साली ब्रिटिश पार्लमेंटने दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी तंतुकणिका वापरून गर्भधारणा करण्यास कायद्याने मुभा दिली. आपल्या देशाशी अधिक निकटचा मुद्दा हिवतापाचा. हिवतापाच्या परजीवीच्या पोटात हरितलवकाचा एक निस्तेज अवशेष आहे. त्याला प्रकाशाशी काही कर्तव्य उरलेले नाही, तथापि त्यावाचून परजीवी जगत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी जीवाणुनाशक औषधे हिवतापावर चालतात ती या अवशेषातील जीवाणुवजा यंत्रणेवर घाव घालून. एका परजीवीच्या वंशावळीतील जुनी नोंद औषधाच्या कामी यावी, ही मौज शाळेच्या आकृतीत कशी दिसणार?

आता ग्रंथाविषयी. प्रकरणागणिक सारांश देऊन वाचकाची उत्सुकता मारण्याचा माझा इरादा नाही. ग्रंथकर्त्यांनी प्रत्येक अंगकाची हकीकत तीन अंगांनी सांगण्याचा यत्न केला आहे : ते सापडले कसे, ते चालते कसे, आणि ते बिघडले म्हणजे काय होते. पैकी पहिल्या अंगास त्यांनी जी ऐसपैस जागा दिली आहे, ती मराठीतील विज्ञानलेखनात दुर्मिळ आहे. निष्कर्ष सांगून मोकळे होण्याऐवजी साक्षीपुरावा वाचकासमोर ठेवावा, प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडावे, हा त्यांचा बाणा. मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारणाऱ्या कमल रणदिवे आणि गायकवाडांच्या बडोद्यात वाढलेले व तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर असलेले, रायबोसोमाच्या रचनेबद्दल २००९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेले व्यंकटरामन रामकृष्णन यांचे उल्लेख यथास्थळ आले आहेत, आणि ओढूनताणून आलेले नाहीत.

एक तक्रार नोंदविल्यावाचून राहवत नाही. वनस्पतिपेशीच्या वाट्याला ग्रंथात फार थोडी पाने आली आहेत, आणि मोठ्या रिक्तिकेला तर जवळजवळ उपेक्षाच. प्रौढ वनस्पतिपेशीचे ऐंशी-नव्वद टक्के आकारमान ही रिक्तिका व्यापते. पानांचा ताठपणा, फुलांचे रंग आणि पुष्कळशा विषारी द्रव्यांचा साठा तिच्या जिम्मेस असतो. कोणत्याही तळ्यात सापडणाऱ्या हायड्रिला या पाणवनस्पतीचे एक कोवळे पान पाण्याच्या थेंबात ठेवून महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर मधल्या शिरेजवळच्या पेशींत हिरवी लवके भिंतीच्या कडेकडेने, एकामागून एक, एकाच दिशेने फिरताना दिसतात. मधली सारी जागा रिक्तिकेने अडविली असल्यामुळेच त्यांना हा काठाचा मार्ग धरावा लागतो. रंग नको, विशेष यंत्र नको. प्रकाशाच्या उष्णतेने पान किंचित ऊबदार झाले की गती वाढते, हेही नजरेस येते. दुसऱ्या आवृत्तीत या दृश्याला एक प्रकरण मिळावे, अशी माझी ग्रंथकर्त्यांस विनंती आहे.

रसायनशास्त्राची फारशी ओळख नसलेल्या वाचकाने लयकारिकेच्या प्रकरणापासून आरंभ करावा आणि पटलांच्या रचनेचे पहिले प्रकरण मागाहून वाचावे. क्रम बदलल्याने काही बिघडत नाही. आकृत्यांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी बाळगावी. रायबोसोम आणि तंतुकणिका यांची चित्रे समोरासमोरच्या पानांवर सारख्याच आकाराची छापली आहेत, तेव्हा प्रत्येक चित्राखालची मापपट्टी अगोदर पाहावी : रायबोसोमाचा व्यास पंचवीस-तीस नॅनोमीटर, आणि तंतुकणिकेची नुसती रुंदी पाचशे नॅनोमीटर किंवा त्याहून अधिक.